माईंचा ठोकळा

भिंतीपलीकडे नुसताच अंबाडा हलताना दिसला, की माई अजून ठोकळ्यावर चढलेल्या नाहीत असं समजायचं. आमच्या दोन रो-हाउसमधली भिंत साडेचार फुटांची आणि माई ४ फूट १० इंच. बांधकामातून उरलेला सिमेंटचा एक ठोकळा त्यांनी कायमचा भिंतीला लावून ठेवलाय. त्यावर चढल्या की आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी, असा चंद्र उगवावा तसा सगळा चेहरा वर येतो आणि बातम्या सुरू होतात.

परवा चंद्र जरा घाईतच उगवला.

"वहिनी, त्या लोणच्याच्या कैऱ्या राहू द्या बाजूला. आमच्या भाचीनं घरात काय फटाका फोडलाय, ठाऊक आहे?"

"लग्न जमवलं?"

"लग्न परवडलं असतं! बारावीला चांगले ८२ टक्के पडलेत आणि म्हणते, इंटिरियर डिझाइन करणार. भाऊ परवापासून धड जेवत नाही. म्हणतो, पडदे नि उशांचे अभ्रे निवडायला चार वर्षं आणि लाखांनी फी कशाला? आपल्या घरातल्या बायका ते दुपारच्या झोपेआधी उरकतात."

"भावाला म्हणावं, आधी जेवून घे. उपाशीपोटी फीचे आकडे आणखी मोठे दिसतात."

"तुमची सोनू त्यातलीच, म्हणून तुम्हाला विचारते. खरं काय ते सांगा. माहितीपत्रकातलं नको, ते भावानं तोंडपाठ केलंय. आणि आधी मला हे सांगा, हे म्हणजे आर्किटेक्टच ना?"

मी कैऱ्यांचं पातेलं भिंतीवर ठेवलं. हे आता लवकर आटपणारं नव्हतं.

"नाही हो माई, इथंच निम्मी माणसं फसतात. आर्किटेक्टला नाटा नावाची परीक्षा, पाच वर्षांचं शिक्षण आणि पुढं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. १९७२ सालचा कायदाच आहे. नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंटिरियरवाल्यांना असा कायदा नाही."

"म्हणजे उद्या मी पाटी लावली तरी चालेल?"

"खुशाल लावा, 'माई इंटिरियर्स'. कुणी अडवणार नाही. त्यांची एक संघटना आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स, तीही ७२ सालचीच. पण तिचं सदस्य होणं वेगळं आणि सरकारी परवाना वेगळा. पाटी सगळ्यांची सारखीच दिसते, म्हणून शिकलेल्याला फरक कामातनंच दाखवावा लागतो. आणि भिंत पाडायची, तुळईला हात लावायचा असलं काही निघालं, तर इंजिनियरला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे सोनूला पहिल्याच वर्षी घोकून घेतलं होतं."

"मग त्या कोपऱ्यावरच्या बंगल्याचं काम केलं तो बिनशिकलेलाच असणार." माईंनी आवाज खाली आणला. कोपऱ्यावरचा बंगला निघाला की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. "परवा हळदीकुंकवाला गेले होते. झोपायच्या खोलीत असा पांढराफटक उजेड, की मला वाटलं आता नर्स येणार."

"सोनू म्हणते, ते ६५०० केल्विनचे दिवे. भर दुपारच्या उजेडासारखे. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० च्या आसपासचे, जरा पिवळसर लावायचे. दिव्याच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो, पण आपण वॉट आणि किंमत बघून घरी येतो."

"आणि त्यांचा माळा! माळ्याचं दार उघडलं की पंख्याला लागतं. आता डबे काढायचे तर आधी पंखा बंद करायचा, पातं हातानं फिरवायचं आणि मग दार उघडायचं."

"दार कागदावर बंदच काढलेलं असणार. उघडल्यावर ते कुठवर येतं, ती कमान काढायला शिकवतात. पंख्याचं वर्तुळ आणि दाराची कमान एकमेकांवर आली की कागदावरच कळतं, आणि कागदावर खोडायला खोडरबर पुरतो."

"त्याला दुकानदाराकडून कमिशन मिळालं म्हणे. टाइल्सवाल्याकडून, सनमायकावाल्याकडून, सगळीकडून."

"तो या धंद्यातला जुना रोग आहे, माई. गिऱ्हाईक फी द्यायला कुरकुरतं, मग हा मागच्या दारानं वसूल करतो. सोनूच्या सरांनी वर्गात स्वच्छ सांगितलं होतं, फी आधी कागदावर लिहून घ्या. कामाच्या खर्चाच्या टक्क्यांत घ्या, चौरस फुटावर घ्या, नाहीतर ठोक घ्या. पण एकदाच घ्या."

माईंनी कैरीची एक फोड उचलली, मीठ नसल्याबद्दल तोंड वाकडं केलं आणि तरी खाल्ली.

"बरं, प्रवेशाचं काय? भाची म्हणते नाशकातच बघते, भाऊ म्हणतो गेलीच तर मुंबईला जा."

"मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. तिथं हा विषय इंटिरियर डेकोरेशन या नावानं शिकवत आलेत. प्रभादेवीला रचना संसद आहे. अहमदाबादला सेप्ट आहे, आणि १९६१ सालची एनआयडी. तिथं फर्निचर आणि इंटिरियर एकत्र शिकवतात, पण तिची परीक्षा दोन टप्प्यांची आणि जागा मोजक्या. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमाही असतो. आणि गल्लोगल्ली सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स आहेतच."

"हो, तसलं एक पत्रक आलंय. शंभर टक्के नोकरीची हमी!"

"सोनूलाही तसल्याच एका ठिकाणी घालणार होतो आम्ही. नाव नको. चकाचक इमारत, गारेगार वर्ग. सोनूनं विचारलं, वर्कशॉप कुठाय? त्यांनी संगणकांची खोली दाखवली. ती म्हणाली, लाकूड कुठं कापतात? तर बाई हसल्या. आम्ही पैसे न भरता परत आलो. भावाला सांगा, हमी वाचू नको. तिसऱ्या वर्षातल्या पोरांची कामं दाखवा म्हणावं. शिकवणाऱ्यांपैकी स्वतःच्या साइट चालवणारे किती ते विचार. आणि रंधा, करवत, सांधे जोडायची जागा डोळ्यांनी बघून ये."

"पण पोरीची चित्रकला बेताची हो. इंटरमिजिएटला सी ग्रेड."

"सोनूलाही सीच होती! निसर्गचित्रातलं तिचं झाड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं यायचं. इथं देखणं चित्र लागत नाही. डोक्यातलं कागदावर असं उतरावं, की समोरच्या सुताराला न बोलता कळलं पाहिजे."

पहिल्या वर्षाची आठवण निघाली, की माझ्या अंगावर अजून काटा येतो. सोनूला संगणकाला हातच लावू दिला नव्हता. टी-स्क्वेअर, पेन्सिल आणि रात्रभर रेघा. एक रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटाला बारीक झाली, की कागद परत. पन्नासाला एक या प्रमाणात आमचंच घर काढायला सांगितलं. म्हणजे घरातलं ५० सेंटिमीटर कागदावर एक सेंटिमीटर. तीन दिवस ती टेप घेऊन आमच्या पायात पायात. तेव्हा पहिल्यांदा आम्हाला कळलं, की आमचा दिवाणखाना चौकोनी नाहीच. एका टोकाला तो दोन इंचांनी फाकलाय. तरीच सतरंजी कधी सरळ दिसत नव्हती. वीस वर्षं मी सतरंजीला बोल लावत होते.

"आणि ते पुठ्ठ्याचं घर?" माई म्हणाल्या. "मध्यरात्री तुमच्याकडे दिवा, नि सकाळी तुमचे हे कचऱ्यात पुठ्ठ्याचे कपटे टाकताना दिसायचे."

"मॉडेल ते. सनबोर्ड कापता कापता बोट कापलं, तर पट्टी बांधून पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी ज्युरी. म्हणजे चार मास्तर समोर बसतात आणि पोरांनी आपलं काम उभं राहून मांडायचं. एकानं तिच्या मॉडेलमधला जिना बोटानं मोजला आणि म्हणाला, इथनं तुझी आजी चढेल का? पायऱ्या नऊ इंचांच्या झाल्या होत्या. घरातली पायरी सहा-सात इंचांची असावी. रडत घरी आली. पण त्या दिवसापासून कुठल्याही जिन्यावर चढताना ती पायाखाली बघते."

"आम्हाला तर पायऱ्या मोजायला गुडघे शिकवतात," माई म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी त्यांना जुन्या नाशकातला एक वाडा मोजायला नेलं होतं. आठ दिवस पोरं धुळीत. परत आली ती कोनाडे आणि फडताळांच्या गोष्टी घेऊन. "आई, तिथं कपाट नावाची वस्तूच नाही गं," सोनू म्हणाली, "भिंतच दोन-अडीच फूट जाड, म्हणून भिंतीतच सामान." माजघरात दुपारी बाराला गार लागत होतं, आणि अंथरुणं गुंडाळली की झोपायच्या खोलीत पंगत बसत होती. एकाच जागेची चार कामं. आपण आता प्रत्येक कामाला वेगळी खोली मागतो आणि मग प्रत्येक खोली लहान म्हणून रडतो, हे ती तेव्हा आम्हाला जेवताना ऐकवायची.

"आणि ती परदेशी बाई कोण? सोनू माझ्या ओट्याशी बसून सांगायची ती?"

"मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. सेमिनार होता तिच्यावर. ऑस्ट्रियाची. १९२६ साली फ्रँकफर्टमध्ये नगरपालिकेच्या वसाहती उभ्या राहत होत्या, तिथलं स्वयंपाकघर हिनं आखलं. साधारण ६ फूट बाय ११ फूट. आगगाडीच्या जेवणाच्या डब्यातलं चिमुकलं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढं होतं. बाईला किती पावलं पडतात, हात कुठवर पोचतो, याचा हिशेब करून आखलेलं. तांदूळ-साखरेला अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, त्यांना मूठ आणि चोच. खण बाहेर काढायचा आणि थेट पातेल्यात ओतायचं. पिठाचा खण ओक लाकडाचा, का तर त्यात किडे होत नाहीत. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं बसवली."

"सुगरण असणार."

"कुठली! तिनंच पुढं सांगितलंय, की तोवर तिनं कधी स्वयंपाक केला नव्हता की घर चालवलं नव्हतं."

माई एवढ्या हसल्या की ठोकळ्यावर डुगडुगल्या. "तरीच! ओट्याशी न अडकलेल्या बाईलाच विचार करायला वेळ मिळणार!"

मग माईंनी स्वतःच तो विषय काढला. तिसऱ्या वर्षी सोनूला एका खऱ्या माणसाची खरी अडचण सोडवायचा प्रकल्प होता आणि तिनं माईंना धरलं होतं. माईंचा उजवा खांदा तेव्हा सतत दुखायचा. तेल झालं, शेक झाला, सगळं झालं होतं.

"दोन दिवस सकाळी सहाला हजर," माई सांगू लागल्या. "कोपऱ्यात बसून वहीत रेघोट्या. मी म्हटलं, पोरी, चहा घे, पोहे घे, तर म्हणते काकू, मी इथं नाहीच असं समजा. दुसऱ्या दिवशी सांगते, तुम्ही एका स्वयंपाकाला फ्रिजकडं ३१ वेळा गेलात! मी म्हटलं, मोजत काय बसलीस, एखादी फेरी तू मारली असतीस तर ३० झाल्या असत्या."

पण तेव्हाच सोनूला दोन गोष्टी सापडल्या. मिसळणाचा डबा शेगडीच्या वरच्या फळीवर, म्हणजे दर फोडणीला जाळावरून हात. आणि ओटा. बिल्डरनं सगळ्या घरांना एकाच मापाचा दिलेला, ३५ इंच. माईंचं कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर. ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असला, तर हाताला सोपं पडतं. इथं एकाच इंचाचा फरक, वर शेगडीची उंची, त्यावर कढई. माई वीस वर्षं खांदा उचलून भाजी परतत होत्या.

"ग्रॅनाइट काढा म्हणेल असं वाटलं होतं मला," माई म्हणाल्या, "तर तिनं पायाखाली फळी दिली!"

"पहिल्यांदा सुटा पाटच काढला होता तिनं. ज्युरीत मॅडम म्हणाल्या, दूध उतू चाललं म्हणून काकू धावल्या आणि पाटाला ठेचकाळल्या तर? मग ओट्याच्या लांबीचा, ३ इंच उंच चौथरा केला. कडेला खरखरीत पट्टी, म्हणजे कड आली की तळव्याला कळतं."

"नि दोन तुकड्यांत! सून ५ फूट ६ इंच, ती आली की तिच्याकडचा तुकडा उचलून भिंतीला लावायचा." माईंनी उजवा हात वर करून गोल फिरवून दाखवला. खांद्याचं प्रमाणपत्र.

"पण वहिनी, हे झालं शिक्षण. पुढं पोटापाण्याचं काय?"

पुढचं मी गोड करून सांगितलं नाही. सहा महिने सोनू एका ऑफिसात उमेदवारी करत होती. घरातून इस्त्रीचा कुर्ता घालून जायची आणि संध्याकाळी केसांत लाकडाचा भुसा घेऊन यायची. ऑटोकॅड, स्केचअप येत होतं, पण पहिलाच फटका साइटवर बसला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी तिनं काटेकोर मापाची ट्रॉली काढली. बसवली, आणि खण उघडेचना. दाराची चौकट भिंतीबाहेर इंचभर आलेली, खण तिला अडतो. राजस्थानी मिस्त्री काही बोलला नाही, फक्त चहा मागवला. मग तिच्या हातात टेप देऊन त्यानं तिला तीच भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायला लावली. तीन मापं तीन आली. "बेटी, सबसे छोटा पकडना," एवढंच म्हणाला. आता ती कोपऱ्यात फिलरची पट्टी सोडल्याशिवाय कपाट काढत नाही. त्याच्याचकडे ती प्लायवुड ओळखायला शिकली. ८ बाय ४ चा तक्ता, कपाटाला १८ मिलिमीटरचा, पाण्याजवळ ७१० चा शिक्का असलेला. शिक्का खरा का खोटा, ते कापलेल्या कडेतले थर बघून.

"पगार?"

"पहिल्या वर्षी तिच्या पेट्रोलला आणि डब्याला पुरला. तिच्या वर्गातली दोघं मॉड्युलर किचनच्या दुकानांत लागली. तिथं पगार बरा, पण डिझाइन कमी आणि महिन्याचं टार्गेट जास्त. एक जण नाटकाच्या नेपथ्याकडं गेला. एक फक्त दिव्यांचंच काम करते, दुकानांचं, हॉटेलांचं. सोनूला नोकरी कशावर मिळाली माहितीये? तिच्या पोर्टफोलिओत चकचकीत थ्री-डी चित्रं होतीच, पण सरांनी ती भराभर उलटली. थांबले कुठं, तर तुमच्या ओट्यापाशी."

"माझ्या?"

"थांबा, आणते."

मी आत जाऊन कपाटावरची गुंडाळी काढली, पुसली आणि भिंतीवर पसरली. एका बाजूला कैऱ्यांचं पातेलं ठेवलं, म्हणजे कागद उडायला नको. माईंनी चष्मा लावला.

कागदावर डाव्या हाताला ही भिंत होती. कापून दाखवल्यासारखी, आतल्या विटांसकट. साडेचार फूट. तिच्या पलीकडे ८ इंचांचा ठोकळा, ठोकळ्यावर चपला, चपलांवर माई. डोळ्यांपासून जमिनीपर्यंत बारीक बाणांची रेघ आणि तिच्यावर माप. उजव्या हाताला त्याच माई ओट्याशी, ठोकळ्याविना, खांदा कानाला टेकलेला. दोन चित्रांच्या मध्ये पेन्सिलीनं एकच ओळ: 'काकू गप्पांसाठी ठोकळ्यावर चढतात, स्वयंपाकासाठी का नाही?'

माई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता डोळे पुसतील.

"अंबाडा बरोबर आलाय," त्या म्हणाल्या. "आणि भिंतीच्या अलीकडची ही जाडी कोण?"

"मी."

"तेही बरोबरच आलंय."

आतून कुकरची शिट्टी झाली. माई हलल्या नाहीत.

"तशी आमचीही काही कमी नाही," त्या गुंडाळी नीट करत म्हणाल्या. "मागच्या दिवाळीत भाऊ केवढा ओरडला तिला. आमच्या आईच्या कॉटपाशी भिंतीवरनं वायर लोंबत सोडलीन. का, तर आजीला रात्री दिव्याचं बटण उठल्याशिवाय सापडत नाही. टोकाला पेंडंट स्विच लावला आणि उशीला पिनेनं अडकवला. दिवाळीचे पाहुणे घरात, आणि भिंतीवर ती काळी वायर! भाऊ म्हणाला, सगळी शोभा घालवलीस."

"वायर आहे अजून?"

"आहे ना. आई काढू देत नाही."

मी काहीच बोलले नाही. कैऱ्यांचं पातेलं उचललं. माईही गप्प झाल्या. त्यांचं त्यांनाच काहीतरी जुळत असावं, कारण दुसरी शिट्टी झाली तरी त्या ठोकळ्यावरच.

"उद्या भावाला घेऊन येते," शेवटी त्या म्हणाल्या. "पोरीलाही. सोनू घरी असेल ना संध्याकाळी? हा कागद आत ठेवू नका तेवढा."

"या की. सातला येते ती, भुसा झटकून."

तिसरी शिट्टी झाली. हनुवटी गेली, नाक गेलं, डोळे गेले. अंबाडा दाराकडे निघाला, मध्येच थांबला आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"वहिनी, तुमच्याकडं आणखी एक ठोकळा असेल तर बघून ठेवा. भाची उंचीला माझ्यावर गेलीये."